कारागृहातून एक टँकर जिवंत गाळ आणू देण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
स्वच्छता व पाणी विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

विषय : वसतिगृह उघडण्यापूर्वी, म्हणजे १५ जूनच्या आत, कारागृहाच्या शुद्धीकरण केंद्रातून एक टँकर जिवंत गाळ आणण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझे अर्ज, दि. २४ मे, २७ मे व १ जून.
२) आपले पत्र, दि. २९ मे ("वापरलेला माल स्वीकारता येत नाही").
३) कारागृह अधीक्षकांचे पत्र, दि. ३ जून ("नेमकी कोणाची सुटका करावयाची आहे ते कळवावे").

महोदय,

१. मी मुलींच्या वसतिगृहामागील मैलापाणी शुद्धीकरण केंद्राचा चालक आहे. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन मी या कामावर लागलो तेव्हा नातेवाइकांना फार वाईट वाटले होते. पुढे एकोणीस वर्षे, एक अपवाद सोडला तर, टाकी नीट चालली, वास आला नाही, आणि मी काय काम करतो हे सगळे हळूहळू विसरले. आता १५ तारखेला सगळ्यांना एकदम आठवण होणार आहे. ते टळावे म्हणून हा चौथा अर्ज.

२. आपल्या २९ मेच्या पत्रात "गाळ जिवंत असतो म्हणजे काय, याचा खुलासा करावा" असे म्हटले आहे. खुलासा असा की, उन्हातली ताकद पिकात साठते, पीक खाणावळीत येते आणि सहाशे मुली ते खातात. त्या जोरावर त्या अभ्यास करतात, जिने चढतात, न्हाणीघराच्या रांगेत भांडतात. एवढे करूनही थोडी ताकद शिल्लक राहते आणि ती पाइपाने माझ्याकडे येते. टाकीतले जिवाणू त्या शिल्लकीवर जगतात. इकडेतिकडे भटकणाऱ्या जिवाणूंना देठावर उभे राहिलेले, घंटेच्या आकाराचे जीव गिळतात. आणि या दोघांवरही ताव मारणारा एक जीव आहे, ज्याच्या तोंडाशी बारीक केसांचे चाक फिरत असल्यासारखे दिसते. शास्त्रात त्याला रोटिफर म्हणतात, मी चाकवाला म्हणतो. टाकीत चाकवाला दिसला की समजावे, खालची सगळी मंडळी सुखरूप आहेत, कारण खालचे उपाशी असतील तर वरचा टिकत नाही. (कार्यालयात हा नियम उलटा चालतो, पण तो या अर्जाचा विषय नाही.)

त्यानंतर उरलेले स्वच्छ पाणी आवारातल्या तळ्यात जाते. तिथे त्यावर शेवाळ, शेवाळावर पाणकिडे, किड्यांवर मासे आणि माशांवर बगळे. बगळ्यांच्या पुढची पायरी म्हणजे आपल्या गाडीचे बॉनेट. त्याविषयी आपण गेल्या वर्षी मला लेखी जाब विचारला होता. साखळी शेवटपर्यंत शाबूत असल्याचा त्याहून सबळ पुरावा माझ्यापाशी नाही.

३. १५ एप्रिलला वसतिगृहाला सुट्टी लागली. मुली घरी गेल्या आणि टाकीचे खाणे बंद झाले. ब्लोअरने हवा मिळत होती, पण नुसत्या हवेवर कोणाचे भागत नाही. मी टाकीला काही खाऊ घालण्याची परवानगी मागितली. "सुट्टीच्या काळात कोणालाही भोजन देण्याची तरतूद नाही" असे उत्तर आले. नाइलाजाने मी मेहुण्याला सहकुटुंब राहायला बोलावले. आमच्या क्वार्टरचे सांडपाणी याच टाकीत येते. ते सहा जण पंधरा दिवस राहिले आणि त्यांनी कसलीही कसूर केली नाही. पत्नी एवढेच म्हणाली, "लग्नाला बावीस वर्षं झाली, पहिल्यांदा माझ्या माहेरच्यांना आग्रह करून करून वाढलंत. आणि तेही कशासाठी!" या सहकार्याची कुठे नोंद व्हावी अशी माझी अपेक्षा नाही. पण त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत टाकी अशक्त का होईना, जिवंत होती.

४. २३ मेला स्वच्छता समिती पाहणीला येणार होती. आदल्या दिवशी स्वच्छता पर्यवेक्षक टाकीवर आले. तपकिरी पाणी आणि वरचा फेस पाहून म्हणाले, "अहो, किती घाण आहे ही! उद्या साहेब येणार आहेत."
मी म्हणालो, "ती घाण नाही हो, ते आपले कर्मचारी आहेत."
ते म्हणाले, "मग एकदा आंघोळ घाला की त्यांना!"
मला वाटले, विनोद झाला. मी भोजनाच्या नकाराचा फेरविचार व्हावा म्हणून आपल्याच कार्यालयात निघालो. तिथे मी रांगेत उभा असताना त्यांनी टाकीत फिनेलचे अकरा डबे आणि ब्लीचिंग पावडरच्या चार गोण्या ओतल्या.

दुसऱ्या दिवशी फेस गेला होता, बुडबुडे स्वच्छ होते आणि टाकीला दवाखान्यासारखा वास येत होता. समितीने "आदर्श टाकी" असे प्रमाणपत्र दिले. ते फ्रेम करून ब्लोअरच्या खोलीत लावले आहे. त्याखाली उभे राहून मी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तेव्हा काहीही हलत नव्हते. त्यानंतर पाणी काळे पडले. चांगल्या गाळाला ओल्या मातीचा वास येतो. या गाळाला कशाचा येतो हे समजण्यासाठी आपण एकदा खिडकी उघडावी, एवढेच म्हणतो.

५. १५ तारखेला सहाशे मुली येतील आणि पहिल्याच सकाळी सहाशे जणींचे मैलापाणी या मेलेल्या टाकीतून जसेच्या तसे तळ्यात जाईल. तळ्यात शेवाळ माजेल. अंधार पडला की तेच शेवाळ आणि खालची घाण मिळून पाण्यातला प्राणवायू संपवतील, आणि उजाडताना मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतील. हे मी पुस्तकातून सांगत नाही. सोळा वर्षांपूर्वी ब्लोअर बंद पडला होता तेव्हा आवारातल्या बागेचे काम पाहणाऱ्या माळीकाकांनी दोन दिवस टोपल्यांनी मासे काढून पुरले होते. परवा ते टाकीत डोकावून गेले. म्हणाले, "भाऊ, या खेपेला मी नाही हो पुरणार. माझ्याच्यानं नाही होणार." ते गेली तीस वर्षे रोज सकाळी तळ्यावर येतात आणि माशांना त्यांची चप्पल ओळखू येते. त्यांना काय उत्तर द्यायचे ते आपल्याला सुचल्यास कळवावे.

६. यावर उपाय एकच. दुसऱ्या चालत्या टाकीतला जिवंत गाळ आणून या टाकीत विरजणासारखा घालायचा. जवळची सगळी केंद्रे शाळा-कॉलेजांची असल्याने तीही उपाशीच आहेत. फक्त कारागृहाचे केंद्र धडधाकट आहे, कारण कैद्यांना उन्हाळी सुट्टी नसते. तिथला चालक माझा जुना सोबती. तो म्हणाला, "ने रे, लागेल तेवढा ने. मला तर तो रोज उपसून टाकावा लागतो."

परंतु कारागृहाच्या फाटकातून कोणताही जीव बाहेर काढायचा तर सुटकेचा आदेश लागतो. मी टँकरवर बोट ठेवून "हा गाळ आहे" असे म्हणालो असतो तर तो सुटला असता. अर्जात "जिवंत" हा शब्द मीच घातला, ती माझी चूक झाली. कारागृहाचा छापील नमुना मी पुढीलप्रमाणे भरून दिला आहे. संख्या : एका टँकरमध्ये मावतील तितके. नावे : नाहीत. गुन्हा : नाही. उरलेली शिक्षा : आमची टाकी. वर्तणूक : उत्तम.

इकडे आपल्या भांडार विभागाचे म्हणणे असे की, माल नवीन, सीलबंद आणि हमीपत्रासह असावा. सीलबंद केल्यास माल काही तासांत मरेल. नवेपणाबाबत मात्र मी हमी देऊ शकतो. जिवाणू सतत एकाचे दोन होत असतात. त्यामुळे त्यांतले बरेचसे आज सकाळपासूनचे आहेत. या विभागात इतके नवीन दुसरे काही मी पाहिलेले नाही.

७. एक गोष्ट मागच्या तीन अर्जांत लपवली होती, ती कबूल करतो. केंद्रातले सूक्ष्मदर्शक नुकते २३ मेच्या सकाळी दुरुस्त होऊन आले. त्याआधी तीन वर्षे मी गाळ घरी नेऊन मुलीला कॉलेजसाठी घेतलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासत असे. २२ तारखेच्या सकाळीही मी असाच एक बादली गाळ घरी नेला होता. ती बादली वाचली. ती आमच्या मोरीत आहे, तिला माशांच्या काचपेटीचा पंप लावला आहे आणि ताटातले उष्टे मिक्सरमधून काढून तिला रोज दोन वेळा घालतो. पत्नीचे म्हणणे, "पोरांनी ताटात टाकलं की ओरडायचात. आता मोजून टाकायला लावता!" ती असेही म्हणाली की १५ तारखेनंतर मोरीत बादली तरी राहील नाहीतर ती तरी. मी तिला आपल्या कार्यालयाचा पत्ता दिला आहे.

एका बादलीवर सगळी टाकी उभी करायला पाच-सहा आठवडे लागतील. टँकर १० तारखेपर्यंत आला तर चार दिवस पुरतात. आधी टाकी उपसून धुवायची आहे. ते मी आणि माळीकाका उद्यापासून सुरू करत आहोत. त्यासाठी परवानगी मागितलेली नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

तरी कारागृह अधीक्षकांना आपल्या सहीचे एक ओळीचे पत्र द्यावे. "गाळ" एवढेच लिहावे. जिवंत असल्याचा उल्लेख करू नये.

आज सकाळी बादलीतला एक थेंब काचेवर घेतला. बराच वेळ काही दिसले नाही. मग कोपऱ्यात एक चाकवाला दिसला. चाक फिरत होते. आपल्या विभागाच्या या केंद्रात सध्या कामावर हजर असलेला तो एकटाच आहे. त्याच्या मदतीला कोणी पाठवावे, ही विनंती.

आपला आणि टाकीचा नम्र,
(सही)
केंद्रचालक, मैलापाणी शुद्धीकरण केंद्र
दि. ६ जून, सकाळी साडेनऊ

सोबत :
१) मागील तीन अर्जांच्या प्रती.
२) "आदर्श टाकी" प्रमाणपत्राची प्रत.
३) कारागृहाचा भरलेला नमुना.
४) बादलीतील गाळाचा नमुना, एक बाटली. आवक विभागास विनंती की, बूच घट्ट लावू नये आणि बाटली कपाटात ठेवू नये. त्यांना हवा लागते. आवक क्रमांक आज दुपारच्या आत पडल्यास साहेबांना ते जिवंत पाहता येतील.