गायिका कुठे उभी आहे

सायगॉन
रविवार, १२ नोव्हेंबर २०१७

प्रिय उयेन,

सकाळी बाजारात जाऊन आलो. तुझ्या आईच्या फोटोपुढे फळं ठेवली, अगरबत्ती लावली. तिला जाऊन आज त्र्याण्णव दिवस झाले. दुपारी दुकानदार लुआन सामान न्यायला आला आणि तासाभराने रिकाम्या हाताने परत गेला. म्हातारा ऐनवेळी फिरला, असं त्याने तुला कळवलं असेलच. त्याचं काही चुकलं नाही.

जपानहून बोटीने गाण्याची जुनी यंत्रं आली की खोकी फोडण्याआधी लुआन तुझ्या आईला निरोप धाडायचा. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर त्याच्याच दुकानातला. स्कूटर मी चालवत होतो, मागे ती, तिच्या मांडीवर ते धूड. “वळणावर हळू, मास्तर, लेकरू आहे मांडीवर.” तू दारातच विचारलंस, “मग मी कोण?” ती म्हणाली, “तू आधी हात धू, मग याला हात लाव.” मला तर हात धुऊनही परवानगी नव्हती.

रविवारी जेवणं झाली की ती रेकॉर्ड लावायची. तू कंटाळून शेजारी पळायचीस. समोर दोन स्पीकर, मध्ये माझी वेताची खुर्ची, खुर्चीमागे तिचं स्टूल. गाणं सुरू झालं की मागून प्रश्न यायचा, “मास्तर, गायिका कुठे उभी आहे?” मी बोट दाखवायचो. सगळं नीट जुळलं असेल तर आवाज दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधून येतो, आपल्या फुलदाणीपाशी. कधी माझं बोट डावीकडे जायचं. “भिंतीला टेकली का? पाय दुखले असतील बिचारीचे,” म्हणत ती उठायची, एक बटण जरासं फिरवायची आणि पुन्हा विचारायची. बोट फुलदाणीवर आलं की मगच बसायची. मला तो तिचा खेळ वाटायचा.

आज लुआनने सगळं लावून पाहिलं. म्हणाला, “काका, आवाजाचा तोल पार उजवीकडे गेलाय. काकूंच्या घरात असं?” त्याने तेच बटण मध्यावर आणलं. “आता ऐका, कशी समोर आली.” माझ्यासाठी गायिका डाव्या भिंतीत गेली आणि उजवीकडचं व्हायोलिन थांबलंच. मग तो वाकून म्हणाला, “या खुणा कसल्या?” बटणाखाली कागदाची पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावर पेन्सिलीच्या बारीक रेघा, प्रत्येक रेघेखाली वर्ष. २००६ ची जवळजवळ मध्यावर. पुढची प्रत्येक थोडी आणखी उजवीकडे. शेवटची या मे महिन्यातली. तेव्हा तिला उठताना भिंतीचा आधार लागत होता.

उयेन, अकरा वर्षांपासून माझा उजवा कान जातो आहे. मी कोणाला सांगितलं नाही, तिला तर नाहीच. तिच्याबरोबर बसून ऐकणारा मी एकटाच होतो. ते तिच्यापासून काढून घ्यावं असं वाटलं नाही. ऐकू न आलेल्या जागीही मी मान डोलावली. आणि स्पीकर बोटभर सरकला तरी जिला चैन पडत नसे, ती माझ्या मागे बसून अकरा वर्षं वाकडं ऐकत राहिली.

हे फोनवर का नाही सांगितलं, असं तू म्हणशील. आता डावा कानही उतरला आहे. मंगळवारी तू फोनवर बरंच बोललीस आणि शेवटी काहीतरी विचारलंस. तुझा आवाज दमलेला होता, पुन्हा विचारायला लावणं जिवावर आलं. मी ‘हो’ म्हणालो. आज लुआन दारात उभा राहिला तेव्हा कळलं, की मी सामान विकायला आणि तुझ्याकडे दा लातला राहायला यायला होकार दिला होता. मी येईन. शंभराव्या दिवसाच्या विधीला तू इथे येशीलच, तेव्हा बरोबरच निघू. पण हे सामान विकायचं नाही. अँप्लिफायर मी मांडीवर घेऊन बसेन. तुझ्या घरी रविवारी तासभर माझ्या मागे बसशील का? काय विचारायचं ते तुला आता ठाऊक आहे. लुआन गेल्यावर मी बटण मे महिन्याच्या रेघेवर आणलं आणि रेकॉर्ड लावली. मागून कोणी काही विचारलं नाही. तरी मी बोट दाखवलं. मग उठून फुलदाणीतलं पाणी बदललं.

तुझाच,
बाबा