चाक आत सारलं तर

मंगळवार, संध्याकाळ

जुन्या डिझेल इंजिनाच्या एका चाकाची चावी, चाक शाफ्टला घट्ट धरणारी लोखंडी पट्टी, आज निघता निघंना. पाचरीसारखी ठोकलेली, अन् डोक्याला चीर. डोकं तुटलं असतं तर शाफ्टच वाया. मामा तरी ओढतच होता. चाकच जरा आत सारलं तर? शेवटी मी हळूच बोलले.

मामा म्हणे, "अगं बये, चाक बाहेर काढायचंय, आत नाय."

तरी चाकावर लाकूड धरून त्यानं आतल्या दिशेनं दोन घाव घातले. चावी ढिली झाली. चीर वाढली नाय. पण आत सारून सुटलं कसं? चावी बाहेरच्या टोकाला जाड, आत बारीक; चाक बारीक बाजूकडं सरकलं, म्हणून असंल.

मामा म्हणे, "उद्या दुसऱ्या चाकाला तू सांग, मी मारतो."

घाव घालायला मी भीत नाय. पण उद्या इंजिनाचं गिऱ्हाईक येणार, सांगायचं म्हणजे त्याच्यासमोर मोठ्यानं. शाळा सोडल्यापासून तसं बोललेच नाय.