दामूकाकांची जागा

हेंद्रेपाडा, मंगळवार संध्याकाळ

तीन दिवस डोकं खाल्लं त्या पंपाने. मोटर सुरुवातीच्या कमी जोराच्या स्टारवर नीट उचलायची, पण पूर्ण जोराच्या डेल्टावर गेली की करंट भसकन वर आणि ट्रिप. मी टायमर बदलला, कॉन्टॅक्टर उघडला, सहाही वायरी पुन्हा तपासल्या. सगळं ठीक. मग काय?

शेवटी आज दामूकाकांना फोन लावला. वीस वर्षं आमचे पंप ऑपरेटर. गेल्याच आठवड्यात रिटायर झाले, आता बारवीकडे आपली भातशेती बघतात.

"साहेब, पयला वाल बंद केला का?" एवढंच विचारलं.

नव्हता केला. डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व उघडाच होता, म्हणजे पाण्याचा सगळा भार पहिल्यापासून मोटरवर. वेग यायच्या आधीच डेल्टा. हे मला तोंडपाठ आहे. पण रोज तो व्हॉल्व बंद कोण करत होतं, हे कधी मनातही आलं नाही.

फिरवायला गेलो तर पाइपावर काकांची चुन्याची डबी, तशीच. व्हॉल्व बंद करून मोटर चालू केली. करंटचा काटा चढला आणि शांतपणे खाली आला.

ती डबी घरी आणलीय, आत्ता समोर आहे. हिच्यामुळेच मला वाटायचं, काका तिकडे तंबाखू मळायला जातात. पॅनेलपाशी उभा राहून किती वर्षं ओरडलो असेन, "काका, निदान स्टार्टच्या वेळी तरी आपल्या जागेवर थांबत जा!"

नुसते हसायचे. जागेवरच असायचे.