भिंतीकडे तोंड करून

१२ जुलै, रविवार

प्रिय अक्का,

धाकटीचा नमस्कार. माझं पित्ताशय खड्यांसकट गेलं, मी ठणठणीत आहे. टाके सुकतायत, सूनबाई पथ्याच्या नावाखाली अळणी भाजी खाऊ घालतेय. तुझे गुडघे कसे आहेत? सध्या गुडघ्यांचंच विचारतेय, बाकीचं पुढे.

मागच्या महिन्यात 'बीपी वाढलं म्हणून परत पाठवलं' असं कळवलं होतं ना, ती थाप होती. पळून आले होते मी! ऑपरेशनच्या आधी सिस्टर म्हणाली, "मावशी, कवळी काढून या वाटीत ठेवा." समोर हे, मुलगा, सूनबाई. दात पडल्यापासून ह्यांनीसुद्धा मला बोळक्या तोंडाने पाहिलेलं नाही. मी झोपतेही कवळी लावून. जन्मभर वर्गात ज्या तोंडाचा दरारा, ते असं सगळ्यांसमोर उघडं करायचं? चपला घातल्या आणि थेट घरी. पुढे पोटात अशा कळा आल्या, की नाक मुठीत धरून परत जावं लागलं.

तीच सिस्टर. या वेळी तिने आधी सगळ्यांना चहाला पिटाळलं, पडदा ओढला आणि स्टुलावर बसली. "बीपी मीच मोजलं होतं, मावशी. छान होतं. मग झालं काय?"

सांगितलं बाई एकदाचं. रडलेसुद्धा. ती हसली नाही. जाऊन भूल देणाऱ्या डॉक्टरांनाच घेऊन आली. ते म्हणाले, "भूल देताना तोंडात काही नको, एवढंच माझं म्हणणं. वॉर्डातच काढा असा हट्ट नाही. टेबलापर्यंत या खुशाल दातांसकट."

"आणि शुद्धीवर आल्यावर?"

"आधी कवळी, मग घरचे," सिस्टरने शब्द दिला.

टेबलावर मात्र पुन्हा धीर सुटला. हिरव्या कपड्यांतली इतकी माणसं! माझा हात तोंडावर गेलेला भुलीच्या डॉक्टरांनी पाहिला आणि ते म्हणाले, "चला, सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा!" अगं, मोठे सर्जनसुद्धा वळले. गृहपाठ न केलेली पोरं मी उभी करायचे, तशी रांग. मला इतकं हसू आलं, की हसता हसताच कवळी काढून सिस्टरच्या हातात दिली. भीती कुठल्या कुठे पळाली. नीट जाग आली तेव्हा सिस्टर वाटी घेऊन उभी. दात बसवले, मगच हे आत आले.

आता तुझं. तुझ्या लेकीने मला सांगितलंय, तिच्यावर चिडू नकोस. छातीतली गाठ 'आपोआप विरघळेल' म्हणतेस. अक्का, तू दुखण्याला भिणारी नाहीस. परक्यांपुढे ब्लाऊज काढायला भितेस. मी नाही ओळखणार तर कोण ओळखणार?

मी सिस्टरशी बोलले. तपासायला बाईच डॉक्टर असेल. पडदा ओढतील, लागेल तेवढंच उघडतील, तू थांब म्हणालीस की थांबतील. मी हात धरून शेजारी बसायचं, तेही तिने कबूल केलंय. मंगळवारी सकाळी गाडी करून तुझ्या दाराशी येतेय. शिव्या घाल, दार लाव, मी पायरीवर बसून राहीन. लाज सांभाळायला माणूस आधी जिवंत हवं गं.

आई गेल्यावर जिच्या वेण्या तू घातल्यास, ती
तुझी चिमणी