खर्र्याची पन्नी

मंगळवार, ४ नोव्हेंबर

थायरॉइड नॉर्मल आलं! धंतोलीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आता आयव्हीएफ सुरू करू.

दोनदा गर्भपात झाला तेव्हा सगळे मलाच विचारायचे, काय खाल्लंस, काय उचललंस. नवऱ्याच्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचं फक्त या बाईंनी विचारलं. "तंबाखू होणाऱ्या बापानंही सोडायचा." प्रशांतनं तीन महिन्यांपूर्वी सोडला.

आणि आज त्याची पँट धुवायला घेतली, तर खिशात खर्र्याची प्लास्टिकची पन्नी! ती त्याच्यापुढे धरली. इतक्या जवळ येऊन?

"उघडून तं पाहाय वं," तो म्हणाला.

आत माझ्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या.

"जेवलो की खर्र्यासाठी हात खिशात जातेच. पन्नी हाताले लागली की तुह्या गोळीची आठवण येते."

तरीच! आणि मला वाटायचं, रोज जेवणानंतर मला गोळी द्यायचं याच्या बरोबर लक्षात कसं राहतं!

पन्नी उद्याच्या पँटच्या खिशात ठेवली आहे. मीच.