सेनापतींना अजून परवाना मिळालेला नाही

बेसिंगस्टोक,
रविवार दुपार (खिडकीतून ऊन असल्यासारखं वाटतंय, बाहेर जाऊन खात्री केलेली नाही)

ती. सुमनआत्या,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे हल्ली आठांपैकी सहाच अंगं जमिनीला टेकतात, उरलेली दोन मनाने टेकवली आहेत, गोड मानून घे.) आम्ही तिघं बरे आहोत, म्हणजे विनयची पाठ, माझा गुडघा आणि सियाची भाषा सोडली तर. तुझी तब्येत विचारायची तू सोयच ठेवलेली नाहीस. फोनवर मी ऑपरेशनमधला ‘ऑ’ काढला की सांगलीची रेंज जाते, आणि आज भाजी काय केलीस असं विचारलं की लगेच परत येते. म्हणून हे पत्र. विनयच्या ऑफिसातले एक जण शुक्रवारी मिरजेला घरी निघालेत, त्यांच्या हाती देणार आहे. कागदाची रेंज जात नाही.

परवा कुशचा फोन आला होता. तुझाच मुलगा, त्यामुळे आधी हवापाण्याचं बोलला, मग आमच्या गॅसच्या बिलाची चौकशी केली आणि मग रडायला लागला. मिरजेच्या डॉक्टरांनी हृदयाच्या व्हॉल्व्हच्या ऑपरेशनची तारीख दुसऱ्यांदा दिली आणि तू ती दुसऱ्यांदा परत केलीस म्हणे. कारण काय, तर आधी सेनापतींचं काय झालं ते कळू दे. डॉक्टरांनी कुशला बाजूला घेऊन विचारलं की हे सेनापती आपले कोण. बिचाऱ्याने लाजेकाजेस्तव ‘लांबचे आहेत’ म्हणून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मग त्यांना बोलावून घ्या. आत्या, तो माणूस चिनी आहे, घोड्यावरून कड्याखाली पडलेला आहे आणि मुळात खराच नाही, हे कुशने त्या गृहस्थांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

तुझं म्हणणं मला कळतं, हीच तर पंचाईत आहे. त्या चिनी सीरियलचं पहिलं पर्व तू आणि काकांनी माझं काम म्हणून कौतुकाने बघायला घेतलंत आणि दोघंही अडकलात. सेनापती कड्यावरून पडले, खाली चहाच्या दुकानातली ती बाई दिवा लावून वाट बघत बसली आणि पर्व संपलं. काका म्हणाले, ‘गेला तो. एवढ्या उंचावरून कोण वाचतं?’ तू म्हणालीस, येणार म्हणजे येणार. त्यावर तुमची पैज लागली, की जो हरेल त्याने जन्मभर सकाळचा चहा करायचा. मग दुसरं पर्व काही आलं नाही, आणि त्या फाल्गुनात काकाच गेले. आता तू कुशला सांगतेस, ‘मी ऑपरेशनच्या टेबलावरून उठले नाही आणि वर गेल्यावर ह्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला तर मी काय सांगू?’ हे ऐकून मी आधी हसले आणि मग बराच वेळ भांडी घासत बसले.

‘तुला शेवट माहीत असतो, तू मुद्दाम सांगत नाहीस,’ हा आरोप तू दर आठवड्याला करतेस. तुझ्या सोसायटीत तर मी चिनी सीरियली काढते अशी बातमी आहे (ती तूच पसरवलीस, नाही म्हणू नकोस). अगं, मला चिनीत धड नमस्कारही घालता येत नाही. शांघायला शाओमिन नावाची एक बाई आहे, ती चिनीचं इंग्रजी करून पाठवते. ते लांबलचक इंग्रजी कापून पात्राच्या तोंडाशी जुळवायचं आणि वाचून होईल इतका वेळ पडद्याच्या खालच्या ओळीत ठेवायचं, एवढंच माझं काम. ते मी वरच्या छोट्या खोलीत गाऊनवर शाल घेऊन करते. बाजूला कपडे वाळत असतात. ही माझी फिल्म इंडस्ट्री.

आता नीट ऐक, म्हणजे परत विचारणार नाहीस. तुला वाटतं शूटिंग संपलं की सीरियल लागते. आपल्याकडे तर शूटिंग संपायच्या आधीच लागते, सकाळी सून रडली की रात्री आपण बघतो. तिकडे तसं नाही. आधी सगळेच्या सगळे भाग शूट करायचे, जोडायचे, त्यात आवाज भरायचे (पुष्कळदा नटाचा आवाजसुद्धा दुसऱ्याचाच असतो), आणि मग ते सगळं गाठोडं सरकारच्या टीव्हीच्या कचेरीत नेऊन ठेवायचं. तिथे मंडळी बसून पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत बघतात आणि काय खटकलं ते कळवतात. मग निर्माते कापतात, चिकटवतात, ओठ तेच ठेवून संवाद बदलतात आणि पुन्हा पाठवतात. ती मंडळी पुन्हा बघतात. सगळं मनासारखं झालं की परवान्याचा नंबर मिळतो. तो नंबर सुरुवातीला पडद्यावर येतो, तुला वाटायचं तो फोन नंबर आहे, तोच. त्याच्याशिवाय एक मिनिटही दाखवता येत नाही. विनयला हे सांगितलं तर तो लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, ‘आमच्याकडे रिलीज असाच होतो, फक्त घोडे नसतात.’

तुझ्या सेनापतींच्या दुसऱ्या पर्वाचं शूटिंग संपलं तेव्हा सिया प्रायमरीत होती आणि मला आई म्हणायची. आता सेकंडरीत आहे आणि मला ब्रो म्हणते. मधल्या काळात काय काय झालं ते ऐक. आधी कथेत सेनापती मेलेले होते आणि त्यांचं भूत दुकानात येऊन बसायचं. मी सगळे भाग बसवून दिले. कचेरीतून निरोप आला की भूत चालणार नाही. बरं, मग भुताचं स्वप्न केलं. म्हणजे भूत तेच, खुर्ची तीच, फक्त दर वेळी आधी ती चहावाली झोपलेली दाखवायची. इतकं झोपल्यावर दुकान चालायचं कसं, असं शाओमिनने विचारलं, पण तिला कोण विचारतं! ‘मला पुन्हा स्वप्न पडलं’ हे वाक्य मी इतक्या वेळा बसवलं की एकदा झोपेतही बडबडले. मग कोणाला तरी वाटलं की स्वप्नं फार झाली, आपण जुळा भाऊ काढू. जुळा भाऊ आला, त्याला मिशी लावली. तोही कोणाच्या पसंतीला उतरला नाही. सगळं मिळून चाळीस भागांच्या आत बसवा असंही ठरलं, त्यात आठ भाग उडाले आणि त्यांच्याबरोबर पहिल्या पर्वातली तुझी लाडकी खेकसणारी सासूही उडाली. आता ती एकदा ताटली घेऊन दारातून आत येते ती पुन्हा दिसतच नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस.

याच्यात माझं काय होतं ते सांगते. त्यांनी सुरुवातीला एक नवा प्रसंग चिकटवला की माझी पुढची सगळी वाक्यं आधी यायला लागतात. बाईचं रडणं घोड्याच्या तोंडी जातं आणि राजाची आज्ञा स्वयंपाकघरातल्या बदकाच्या. मग मी पुन्हा पहिल्यापासून सगळं एकेक करून मागे सरकवत बसते. माझे डोळे गेले, मान गेली, आणि सिया म्हणते की जेवतानाही मी समोरचा बोलून संपायच्या आत मान हलवते.

आणि आता जे सांगते ते बसून वाच. ज्या नटाने सेनापतींचं काम केलं होतं, तो कसल्याशा भानगडीत सापडला. त्याला पडद्यावर ठेवायची सोय राहिली नाही आणि सगळं पुन्हा शूट करणं परवडण्यासारखं नव्हतं. तेव्हा कॉम्प्युटरवर त्याच्या धडावर दुसऱ्या नटाचं तोंड बसवलं. होय. मानेपासून खाली तुझेच सेनापती, वर दुसरेच कोणी. वळून बघतात तेव्हा कानाशी जरा हललेलं दिसतं. सीरियलचं नावही या सगळ्यात झिजलं. आधी होतं ‘धुक्याच्या घाटावरचा सेनापती’. तोंड गेल्यावर सेनापती काढला, मग धुक्यामुळे उदास वाटतं म्हणून धुकं काढलं. आता नुसता ‘घाट’ उरलाय.

मी दर आठवड्याला शाओमिनला विचारते की शेवट ठरला का. ती दर आठवड्याला लोळणाऱ्या मांजराचं चित्र पाठवते, त्याचा अर्थ ‘नाही’. आम्ही एकमेकींना कधी पाहिलेलं नाही, पण तिची आईसुद्धा तिला हाच प्रश्न विचारते आणि वर तीसुद्धा मुद्दाम सांगत नाही असं म्हणते. म्हातारपणी जगभर हीच खोड लागत असावी.

आणि परवाना मिळाला म्हणजे सुटलो असंही नाही. मग दाखवणाऱ्यांच्या रांगेत उभं राहायचं. आधी त्यांची दुसरी घोड्यांची सीरियल, मग सणाची, मग परीक्षांची सुट्टी. वर्षंच्या वर्षं तयार सीरियली फडताळात पडून असतात. आणि लागते तेव्हा आदल्या दिवशी जाहीर करून दुसऱ्या दिवशी लावून टाकतात, आपल्याला पापड तळायलाही वेळ मिळत नाही.

मला त्या रांगेचं नवल वाटत नाही, कारण माझा गुडघाही तसल्याच रांगेत आहे. आधी डॉक्टरांनी बघितला, मग व्यायामवाल्या बाईंनी बघितला, मग फोटो काढला, मग तुम्ही यादीत आहात असं पत्र आलं, आणि परवा ते पत्र मिळालं का हे विचारणारं दुसरं पत्र आलं. इथे मी तारखेसाठी पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसले आहे आणि तिथे तुझ्या दारात डॉक्टर तारीख घेऊन उभे आहेत, तर तू त्यांना सेनापती आले की या म्हणतेस. आत्या, मला तुझा राग येतो. खरंच येतो. जिना चढताना तू मध्ये तीनदा बसतेस हे कुशने सांगितलं तेव्हापासून मला झोप नाही, आणि हे मला स्वप्न पडलेलं नाही.

तात्पर्य इतकंच की शेवट मला माहीत नाही, शाओमिनला माहीत नाही, ज्यांनी तो लिहिला त्यांनाही आता आठवत नसेल. जे कोणालाच ठाऊक नाही त्याच्यासाठी व्हॉल्व्ह ताटकळत ठेवू नये. बाकी ठीक. मोठ्यांना नमस्कार सांग असं लिहायची पद्धत आहे, पण आपल्याकडे मोठी आता तूच एक उरली आहेस, तेव्हा सगळे नमस्कार तुलाच. कुशला आशीर्वाद, आणि त्याला म्हणावं रडू नकोस.

तुझी,
मंजिरी

ता. क. कुशने डॉक्टरांच्या हातापाया पडून पुढच्या महिन्याच्या बारा तारखेची तारीख मागून घेतली आहे. ही तिसरी. तुला सांगायचं धाडस त्याला होत नाही म्हणून मी सांगते. मी आणि सिया दोन दिवस आधी येतो आहोत. तिकिटं काढली आहेत आणि ती परत करता येत नाहीत, हे मी विमान कंपनीला नाही, तुला सांगते आहे.

दुसरा ता. क. वरचं सगळं रविवारी लिहिलं, आज गुरुवार आहे. मंगळवारी शाओमिनने मांजर पाठवलं नाही, नंबर पाठवला. परवाना मिळाला. बरोबर शेवटचा भाग आला, आता त्यात कोणी काही बदलणार नाही. काल तो मी बसवून दिला. म्हणजे शेवट कोणालाच माहीत नाही हे जे मी पानभर लिहिलंय ते आता खरं नाही, मला माहीत आहे. कधी लागणार ते मात्र अजून देवालाही ठाऊक नसेल, तेव्हा मोबाइल घेऊन बसू नकोस. मी सही केलेल्या कागदाप्रमाणे मला शेवट बाहेर कोणालाही सांगता येत नाही. तो नियम मी एकदाच मोडणार, आणि तो मिरजेला, ऑपरेशन झाल्यावर, तू डोळे उघडून मला नावाने हाक मारलीस की. त्याआधी पाय धरलेस तरी नाही. शेवटचं वाक्य फक्त तीन शब्दांचं आहे. एवढं छोटं वाक्य लगेच पुसायचं असतं, पण वाचून व्हायच्या आत अक्षरं पळतात ही तुझी नेहमीची तक्रार, म्हणून मी ते जरा जास्त वेळ राहू दिलं आहे. पैज कोण जिंकलं तेही तिथेच सांगेन. तोवर काकांना थांबू दे. त्यांना कुठे घाई आहे?

तिसरा ता. क. (वेगळ्या अक्षरात) सुमनआजी, मी सिया. आईने मला एन्व्हलप चिकटवायला दिला म्हणून मी लिहिते. माझी मराठी चांगला नाही, सॉरी. आई काल वरच्या खोलीत खूप रडत होती म्हणून मी तिच्या मागून शेवट बघितला, तिला माहीत नाही. ती बोलली कोणाला सांगायचा नाही म्हणून मी काहीच सांगत नाही. तू फक्त ऑपरेशन कर. आजोबा नाहीत ना आता, म्हणून त्यांच्या टर्नचा चहा तुला रोज मी करून देणार. मला आलं घालून येतो.