योग्य ती पूर्तता लवकरच करू

सोमवार, ४ मार्च

आज एक मेल आला. परदेशातल्या कुठल्याशा लॉटरीचं पहिलं बक्षीस मला लागलंय म्हणे. मी तिकीटच काढलेलं नाही. म्हणजे उघड उघड फ्रॉड. पहिल्या वाक्यातच ओळखला. लोक फसतात कसे, हेच मला कळत नाही.

उत्तर मात्र दिलं. गिझरच्या कंपनीत, तक्रार विभागात उभी हयात गेली. आमच्याकडे नियमच आहे, आलेलं एकही पत्र अनुत्तरित राहता कामा नये, मग लिहिणारा वेडा का असेना. चार ओळींत सभ्य नकार कळवला. खाली पूर्ण नाव, पत्ता, मोबाईल. निनावी पत्र पाठवणं आपल्याला जमत नाही.

विषय संपला.

मंगळवार, ५ मार्च

संपलेला नाही. आज कोणा 'क्लेम ऑफिसर'चा मेल. मी बक्षीस नाकारल्यामुळे कागदपत्रं अडकली, कर बुडाला, आणि याला मीच जबाबदार, असा एकूण सूर. हा सूर माझ्या ओळखीचा आहे. अंघोळीच्या वेळी गिझर बंद पडलेला माणूस याहून वाईट लिहितो. भडकलेल्या ग्राहकाला गार करण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. नेहमीचं पत्र ठोकलं: 'आपली तक्रार रास्त आहे. झालेल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहोत. योग्य ती पूर्तता लवकरच करू.' बोटांनीच टाइप केलं, मला विचारलंसुद्धा नाही. पाठवल्यावर वाटलं, 'पूर्तता' नको होती. असो.

संध्याकाळी आक्का आली. माझी मोठी बहीण. समोरच्याच फ्लॅटमध्ये एकटी राहते. कान जवळजवळ गेलेत. कानाच्या मशीनसाठी साठवलेले पैसे तिने माझ्या खात्यात ठेवलेत, कारण बँकेवर तिचा विश्वास नाही, माझ्यावर आहे. पुढच्या गुरुवारी मशीन बसवायचं.

बुधवार, ६ मार्च

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. शुक्रवारी सगळ्या स्टाफपुढे 'फसवे मेल कसे ओळखावेत' यावर मी बोलायचं. योग्य माणूस निवडला.

दुपारी मेल. विषय: लेखी कबुली. 'रास्त', 'दिलगीर' आणि 'पूर्तता' हे माझेच तीन शब्द लाल रंगात. माझ्यावर करबुडवेगिरीचा खटला. सोबत अटक वॉरंटचा फोटो. त्यावर माझं नाव, माझा पत्ता, मजल्यासकट! इतका अचूक पत्ता यांना मिळाला कुठून? म्हणजे यामागे सरकारच असणार.

हिला सांगितलेलं नाही. घरी बोललात तर बायकोलाही सहआरोपी करू, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मी हिला वाचवतोय आणि हिला त्याची कल्पनाही नाही. भाजी आणायला विसरलो म्हणून बोलत होती.

गुरुवार, ७ मार्च

घाबरलेलो नाही. सावध आहे. बेल वाजली तेव्हा बाथरूममध्ये जाऊन कडी लावली, ती सावधगिरी. कुरिअरवाला होता. हिच्या चपला.

संकल्प: आजपासून मेल उघडायचाच नाही.

दुपारी उघडला. न उघडता काय टाळायचं ते कळणार कसं? अनामत भरली तर वॉरंट थांबेल, आणि प्रकरण मिटलं की अनामत परत. नीट पाहिलं तर हा खर्च नव्हेच. तेवढे पैसे माझ्याकडे नाहीत, ही गोष्ट वेगळी. खात्यात आहेत, पण माझे नाहीत. त्यांना हात लावायचा प्रश्नच येत नाही.

शुक्रवार, ८ मार्च

भाषण झकास झालं. हात थरथरत होते, ती लोकांना कळकळ वाटली. म्हटलं, न काढलेल्या तिकिटाला बक्षीस लागत नाही. उत्तर देऊ नका, उत्तर दिलं की इथे माणूस आहे हे त्यांना कळतं. जो घाई करतो आणि कोणाला सांगू नका म्हणतो, तो चोर. आधी पैसे भरा म्हणतो, तो महाचोर. रिसेप्शनवरच्या बाईंनी विचारलं, चुकून उत्तर देऊन बसलो असलो तर? म्हटलं, पुढे एक अक्षर लिहायचं नाही, बँकेला कळवायचं, पोलिसांत जायचं आणि लाजायचं नाही. सगळ्यांनी लिहून घेतलं. साहेबांनी पाठ थोपटली, तेव्हा मी जोरात दचकलो.

बोलताना मध्येच वाटलं, हे सगळं आपल्या ओळखीचं आहे. पण माझी केस वेगळी. माझ्याकडे लॉटरीवाले कुठे पैसे मागताहेत? सरकार मागतंय.

शनिवार, ९ मार्च

आता फोन सुरू. सोमवारी पथक घरी येणार. बेड्या घालून जिन्यावरून नेणार. लिफ्टने नेता येणार नाही का, असं विचारलं. नाही म्हणाला.

आक्का येऊन बसली. मशीन बसलं की आधी काय ऐकणार ते सांगत होती. स्वतःच्या दाराची बेल. माणसं वाजवून वाजवून परत जातात, मला पत्ताच नसतो, म्हणाली. बेलचा विषय निघाल्याबरोबर मला घाम फुटला. मशीनचे पैसे नीट आहेत ना, असं तिने विचारलं नाही. ती कधीच विचारत नाही.

सोमवार, ११ मार्च, सकाळ

पाठवले. आक्काचे. घेतले असं म्हणता येणार नाही, फक्त फिरवलेत. गुरुवारच्या आत परत येतील, तसं लेखी आश्वासन आहे. ताठ मानेने ऑफिसला निघालो.

संध्याकाळ

अनामत पोचली म्हणे. आता पडताळणी शुल्क, आणखी तेवढंच. जिन्यातच बसलो.

मंगळवार, १२ मार्च

पैसे नाहीत, म्हणजे तुरुंग. आपण होऊन हजर झालेलं बरं, शिक्षा कमी होते. पिशवी भरली. टॉवेल, ब्रश, बीपीच्या गोळ्या, स्वेटर. हिला म्हटलं, ऑफिसच्या टूरवर चाललोय. ही म्हणाली, ऑफिसने तुम्हाला आजवर कॅन्टीनच्या पलीकडे कधी पाठवलेलं नाही.

पोलीस स्टेशनात इन्स्पेक्टर बाईंपुढे बेड्यांसाठी दोन्ही हात धरले. त्या म्हणाल्या, आधी बसा. पाणी दिलं. वॉरंटचा फोटो पाहिला आणि म्हणाल्या, हे खोटं आहे, तुम्हाला कोणीही शोधत नाहीये. सुटलो! मग जरा वाईटही वाटलं. कोणीच नाही?

यांच्याकडे तुमचा पत्ता कसा गेला, असं त्यांनी विचारलं. मी माझा पहिला मेल दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. भाषा चांगली आहे म्हणाल्या.

मग विचारलं, पैसे कधी पाठवलेत. काल सकाळी, म्हटलं. त्या म्हणाल्या, काल लगेच आला असतात तर बहुतेक अडवता आले असते. त्यांनी माझ्यासमोर बँकेला फोन लावला, तक्रार घेतली. तिकडचं खातं केव्हाच रिकामं झालं होतं. प्रयत्न करू, पण आशा धरून बसू नका, म्हणाल्या. तक्रारदाराला असं तोंडावर खरं सांगायची पद्धत आमच्या विभागात नाही.

पिशवी घेऊन घरी आलो. टूर लवकर संपली का, असं हिने विचारलं.

बुधवार, १३ मार्च

सकाळी हिला सगळं सांगितलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली की आक्काला तुम्ही तुमच्या तोंडाने सांगायचं, आजच. उद्या ती दवाखान्यात जायला तयार होऊन बसेल.

चिठ्ठी लिहून द्यावी असा विचार केला. पण लेखी कबुली एकदा देऊन झाली आहे.

समोर गेलो. बेल वाजवली, मग आठवलं आणि दार ठोठावलं. आक्काने खुर्ची दिली. मी हळू आवाजात सांगितलं. तिने कानामागे हात धरला. जरा मोठ्याने सांगितलं. ती आणखी जवळ सरकली. मग ओरडूनच सांगितलं. लॉटरी, वॉरंट, अनामत, सगळं. वरच्या मजल्यावरचं दार उघडलं. जिन्यात कोणीतरी थांबलं. नऊ दिवस जे कोणाला कळू दिलं नाही, ते आता सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे, आक्का सोडून. शेवटी घसा बसला आणि मला रडू फुटलं. खरंच रडलो.

आक्काने पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, नीट काही ऐकू आलं नाही रे, पण तुझे पैसे कुठेतरी बुडालेत एवढं तोंडावरून कळलं. बुडू देत. एवढा जीव नको काढूस. अडचण असेल तर माझे मशीनचे आहेत ना तुझ्याकडे, त्यातले घे. इतकी वर्षं नाही ऐकलं, आणखी थोडे दिवस नाही ऐकलं तर काय बिघडतं?

घरी येऊन पाणी प्यायलो. पुन्हा जायचं आहे. पुन्हा ओरडून सांगायचं आहे.